नळीच्या टोकावरची सुरळीची वडी

गेल्या दिवाळीनंतर बाबांची अँजिओप्लास्टी झाली. कॅथलॅबच्या बाहेरून काचेतून मला एक पडदा दिसत होता. स्टेंट बसला, अँजिओग्राफीत रक्तवाहिनी मस्त मोकळी दिसली, म्हटलं सुटलो. पण डॉक्टरांनी आणखी एक बारीक नळी आत सरकवली आणि पडद्यावर ओंडक्याच्या कापासारखं एक गोल, करडं चित्र उमटलं. मग पुन्हा फुगा, पुन्हा धावपळ. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "स्टेंट एका बाजूला भिंतीला टेकलाच नव्हता. मोठा फुगा घेऊन दाबून बसवला." फट किती होती? "अर्धा मिलिमीटरही नाही."

मी हापिसात जावा लिहितो, डॉक्टर नाही. पण डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे जुनी खाज आहे. गेले तीन विकांत पेटंटं वाचण्यात गेले. बायकोचं त्यावरचं मत इथे लिहीत नाही.

गोष्ट सुरू होते नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला. निकोलास बॉम या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1972 साली एक कॅथेटर जगापुढे मांडलं. टोकाचा व्यास साधारण 3 मिमी, त्याभोवती 32 अल्ट्रासाउंडचे घटक, वारंवारता 5.6 मेगाहर्ट्झ. पण त्याला हृदयाचे कप्पे आतून बघायचे होते, रक्तवाहिनीच्या भिंती नव्हेत. आणि 3 मिमीची नळी कोरोनरीत घालायची कशी? तीच मुळात 3-4 मिमीची असते.

भिंतीची गरज लोकांना नंतर कळली. 1977 साली झ्युरिकमध्ये ग्रुंटझिगने पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली आणि डॉक्टर रक्तवाहिनीच्या आत जाऊन काम करायला लागले. मग 1987 साली ग्लागोव्हने एक भारी गोष्ट दाखवली: चरबीचा थर साठायला लागला की रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते. थराने साधारण 40 टक्के जागा खाल्ली तरी मधली वाट तेवढीच राहू शकते. अँजिओग्राम ही त्या वाटेची सावली. म्हणजे सावली सुंदर आणि भिंत आजारी, असं खुशाल असू शकतं. तेव्हा भिंत बघायलाच हवी होती.

त्याला एक उत्तर पॉल यॉकने 1980च्या दशकात काढलं: टोकावर एकच घटक बसवायचा आणि आतल्या लवचिक तारेने तो मिनिटाला 1800 वेळा गरागरा फिरवायचा. सोपं, आणि चित्रही जास्त स्पष्ट. मात्र नळी वळणावर अडली की तारेचा वेग कमी-जास्त होतो आणि चित्र वेडंवाकडं येतं.

दुसरं उत्तर म्हणजे काहीच न फिरवणं. टोकाभोवती 64 घटक बसवायचे, बॉमसारखेच, पण तिप्पट बारीक नळीवर. आता हिशोब करा. 1 मिमी व्यासाचा परीघ 3.14 मिमी, भागिले 64, म्हणजे एका घटकाच्या वाट्याला 49 मायक्रॉन. केसापेक्षा कमी. एवढ्या गोल, वक्र अंगावर जोडण्या करणार कोण आणि कशा?

इथे मला ते पेटंट सापडलं. कॅलिफोर्नियातल्या एंडोसॉनिक्स कंपनीचं, जानेवारी 1999 मध्ये मंजूर झालेलं. कल्पना ऐकून मला आईच्या सुरळीच्या वड्याच आठवल्या. वडी कोणी गोल थापत नाही. पीठ आधी ताटावर पातळ पसरायचं, सपाट असतानाच वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची आणि मग गुंडाळायचं. इथेही तेच. कॅप्टनची पातळ पॉलिइमाइड फिल्म सपाट ठेवायची, त्यावर धातूच्या वाटा काढायच्या, चिप्स बसवायच्या, पीझेडटी नावाच्या सिरॅमिकची पट्टी चिकटवायची, करवतीने तिचे तुकडे पाडायचे (सिरॅमिक कापायचं, फिल्म नाही!) आणि शेवटी सगळ्याची सुरळी करायची. फिल्म बाहेर, तुकडे आत. ध्वनी फिल्ममधूनच आरपार जातो.

पीठ जाड पसरलं तर वडी तडकते, तसंच इथे. वाकवल्यावर बाहेरच्या पृष्ठभागाला बसणारा ताण म्हणजे अर्धी जाडी भागिले त्रिज्या. 25 मायक्रॉनची फिल्म अर्ध्या मिमी त्रिज्येत वळवली तर 2.5 टक्के, 12.5 मायक्रॉनची घेतली तर निम्मा. फिल्म सोसते, पण तिच्यावरच्या धातूच्या वाटेला ते जड जातं. म्हणून पातळातली पातळ फिल्म. सिलिकॉनची चिप तर वळतच नाही, त्यामुळे चिप्सच्या जागी वर्तुळाऐवजी बहुकोन होतो. वर मधून 0.36 मिमीची गाइडवायर जायला भोक ठेवायचं ते वेगळंच.

बरं, चिप्स एवढ्या टोकाला हव्यातच कशाला? कारण 64 तारा त्या नळीतून बाहेर आणायला जागाच नाही. चिप्स आळीपाळीने थोडे थोडे घटक जोडतात, प्रतिध्वनी मोजक्या तारांवरून बाहेर येतात आणि बाहेरचा संगणक ते जुळवून एक चित्र तयार करतो. थोडक्यात, हार्डवेअरला जागा पुरली नाही की काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात. ही पद्धत आमच्याकडेही आहे.

असो. एंडोसॉनिक्स 2000 साली योमेडने घेतली, 2003 साली हा धंदा व्होल्कॅनोकडे गेला आणि 2015 साली व्होल्कॅनो फिलिप्सकडे. म्हणजे फिरून पुन्हा नेदरलँड्स. 20 मेगाहर्ट्झवर या चित्राची लहर साधारण 77 मायक्रॉनची असते. फिरत्या तारेवाली कॅथेटरं आता 40-60 मेगाहर्ट्झवर चालतात, त्यांचं चित्र अर्थातच अधिक बारीक. कुठली चांगली यावर डॉक्टरांमध्ये वाद असावेत आणि आहेतही. मी मात्र 64 वालीच्या बाजूने. बाबांना तीच वापरली होती, हे एकच कारण.

ती नळी एकदाच वापरायची असते. काही मिनिटं आत, मग कचऱ्यात. विम्याचे कागद भरताना बाबांनी बिलातल्या तिच्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढे पैसे? आहे काय हे?" मी बिलाच्या मागच्या बाजूला चित्र काढून सगळं समजावलं, सुरळीच्या वडीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "वडीचं नाव काढू नकोस. खोबरं बंद केलंय तुझ्या आईने."