आकाशमार्गें अपहरण

मारुंजी, नेरे, हिंजवडी हीं मुळशी तालुक्यांतील गांवें पूर्वीं शेतीचीं होतीं. आज तेथें आयटी पार्क आणि त्याच्या आधारानें उभ्या राहिलेल्या उंच इमारती आहेत. परग्रहावरील प्राण्यांनीं मनुष्यास उचलून नेल्याचे भयपट या इमारतींतून रात्रीं जेवणें आटोपल्यावर हौसेनें पाहिले जातात. परंतु या जातीच्या सर्वांत विख्यात चित्रपटाचा एक भाग आपल्याच शेजारीं, घांट उतरून गेल्यावर लागणाऱ्या एका खेड्यांत तयार झाला, हें त्या प्रेक्षकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तें खेडें म्हणजे खालापूरजवळील हाळ; तो चित्रपट म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'. १९७७ च्या नोव्हेंबरांत तो अमेरिकेंत प्रकाशित झाला, तेव्हां हाळ कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे. त्या जिल्ह्यास रायगड हें नांव पुढें १९८१ सालीं मिळालें.

हाळ येथील प्रसंग लहान आहे, पण पाहणाऱ्याच्या स्मरणांतून तो जात नाहीं. मोठा जनसमुदाय जमला असून पांच स्वरांची एकच धून पुनःपुन्हां गात आहे. फ्रेंच शास्त्रज्ञाची भूमिका करणारे फ्रान्स्वा त्रुफो आपल्या मंडळीसह तेथें येतात. हे स्वर कोठून आले, असा प्रश्न लोकांस केला जातो. आणि तत्क्षणीं शेंकडों हात एकदम आकाशाकडे वळतात. पडद्यावर या स्थळाचें नांव उत्तर हिंदुस्थानांतील धरमशाला असें दिलें आहे. खेडें हाळ, डोंगर सह्याद्रीचे आणि नांव मात्र हिमालयाच्या पायथ्याचें, असा हा प्रकार आहे.

याच चित्रपटांत दुसरें एक दृश्य आहे. एकाकी घरांत आई आणि तिचें चिमुकलें मूल राहतें. रात्रीं घराबाहेर नारिंगी प्रकाश पसरतो. तो कुलुपाच्या भोकांतून, दाराच्या फटींतून आंत शिरतो. जमिनीवरील जाळीचे स्क्रू आपोआप फिरूं लागतात. घरांतील यंत्रें कोणी हात न लावतां चालूं होतात. आई मुलास घट्ट धरून ठेवते. तरी तें कुत्र्यासाठीं ठेवलेल्या लहानशा झडपेंतून बाहेर ओढलें जातें. नेणारा मात्र या प्रसंगांत दिसत नाहीं. पुढें जे अनेक अपहरणाचे भयपट निघाले, त्यांचें बहुतेक सामर्थ्य या एका दृश्यांत सांठलेलें आहे.

या दोन दृश्यांतील भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. हाळचे लोक काय ऐकलें आणि कोणत्या दिशेनें ऐकलें, एवढेंच सांगतात. तें कोणी केलें, कां केलें, हें सांगत नाहींत. साक्ष येथें थांबते. भयपट येथून पुढें जातो आणि साक्षीला अर्थ चिकटवितो. आमच्या मतें आकाशमार्गें अपहरणाच्या कथांचा इतिहास हा साक्ष आणि अर्थ यांच्या मिसळीचा इतिहास आहे.

चित्रपटाच्या नांवांतील 'तिसऱ्या प्रकारची भेट' हा शब्दप्रयोग जे. ॲलन हायनेक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचा. ते अमेरिकेच्या वायुदलाचे सल्लागार होते आणि उडत्या तबकड्यांच्या वार्ता तपासणें हें त्यांचें काम होतें. १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं अशा वार्तांचें वर्गीकरण केलें. जवळून वस्तु दिसणें हा पहिला प्रकार, तिच्या खुणा मागें उरणें हा दुसरा, आणि तिच्यासंगें कोणी प्राणी दिसणें हा तिसरा. मनुष्यास उचलून नेणें हा प्रकार त्या वर्गीकरणांत नव्हता. चौथा म्हणून तो मागाहून जोडला गेला.

परंतु कथा त्यापूर्वींच पसरली होती. १९६१ च्या सप्टेंबरांत न्यू हॅम्पशायरमधील एका निर्जन रस्त्यानें बेटी आणि बार्नी हिल हें दांपत्य रात्रीं मोटारीनें घरीं परतत होतें. आकाशांत आपला पाठलाग करणारा प्रकाश दिसला आणि प्रवासांतील कांहीं वेळाचा हिशेब लागत नाहीं, एवढें त्यांस आठवत होतें. पुढें बेटीबाईंस दुःस्वप्नें पडूं लागलीं. १९६४ सालीं बोस्टन येथील मनोवैद्य डॉ. बेंजामिन सायमन यांनीं दोघांस संमोहित केलें, तेव्हां यानांत नेऊन आपली शारीरिक तपासणी झाल्याचें वर्णन त्यांनीं केलें. खुद्द डॉ. सायमन यांचें मत असें पडलें कीं हा वृत्तान्त बेटीबाईंच्या स्वप्नांतून उद्भवला असावा. पण वैद्याचें मत मागें पडलें आणि वृत्तान्त पुढें गेला. १९६६ सालीं त्यावर पुस्तक निघालें आणि १९७५ च्या ऑक्टोबरांत दूरचित्रवाणीवर चित्रपट आला.

त्यानंतर अवघ्या पंधरवड्यानें ॲरिझोनाच्या अरण्यांत लांकूडतोडीचें काम करणारा ट्रॅव्हिस वॉल्टन नाहींसा झाला आणि पांच दिवसांनीं परतला. त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रकाश पाहिल्याचें सांगितलें. त्यांजवर मात्र खुनाचा संशय आला. या प्रकरणावर १९९३ सालीं 'फायर इन द स्काय' हा चित्रपट निघाला. वॉल्टननें सांगितलेला यानांतील वृत्तान्त प्रेक्षकांस पुरेसा भयप्रद वाटणार नाहीं, म्हणून तो भाग पटकथेंत अजिबात बदलण्यांत आला. आणि आज लोकांच्या स्मरणांत आहे तो हाच बदललेला भाग! वॉल्टनचें म्हणणें खरें कीं खोटें हा प्रश्न वेगळा. पण त्याचें म्हणणें काय होतें, हेंच चित्रपटानें पुसून टाकलें.

शास्त्रज्ञांनीं या अनुभवांच्या मुळाशीं निद्रेंतील एक स्थिति दाखविली आहे. कित्येकदां मन जागें होतें, पण शरीर अद्याप झोपेच्या जखडणींत असतें. हात हलत नाहीं, ओरडतां येत नाहीं, छातीवर ओझें वाटतें आणि खोलींत कोणी उभें असल्याचा भास होतो. हा भास रोगट कल्पना नव्हे. निरोगी मनुष्यासही तो होतो. आपल्याकडे तो झालेला मनुष्य 'रात्रीं छातीवर कोणी बसलें होतें' असें म्हणे. अमेरिकन मनुष्य परग्रहवासी आले असें म्हणूं लागला. अनुभव दोघांचाही खरा. त्यास मिळालेला वेष ज्याच्या त्याच्या देशाचा.

असे वेष आपल्या प्रांतांत थोडे नव्हते. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्यानें गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागविली होती. १९०९ सालीं नाशिक येथें जॅक्सनचा वध झाल्यानंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनीं ती संपादिली आणि कोंकणचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वेताळ, मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा अशी भुतांची मोठी यादीच आहे. चकवा वाटसरूस रात्रभर त्याच त्या माळावर फिरवितो. पहाटे तो भानावर येतो तेव्हां मधला वेळ कोठें गेला हें त्यास सांगतां येत नाहीं. हिल दांपत्याच्या हरवलेल्या वेळाची ही आपल्या माळावरील बहीणच म्हणावी.

आकाशमार्गें नेण्याच्या कथा तर आपल्या पुराणेतिहासांत विपुल आहेत. चित्रलेखेनें निजलेल्या अनिरुद्धास द्वारकेहून शोणितपुरास नेलें, आणि रावणानें पंचवटींतून सीतेस उचललें. हल्लीं कित्येकांस या कथांत विमानविद्येचे पुरावे दिसतात. परंतु वाल्मीकींच्या वर्णनांत जटायूनें रावणाचा रथ मोडून टाकल्यावरही रावण सीतेस घेऊन आकाशांतून जातोच. कवीचें लक्ष यंत्रावर नाहीं. तें जखमी जटायूच्या साक्षीवर आहे आणि वानरांमध्यें टाकलेल्या अलंकारांच्या खुणेवर आहे, कारण त्या साक्षीवरून आणि खुणेवरून शोध चालावयाचा आहे. रामायणांतील सर्वांत दारुण भाग अपहरणाचा नव्हेच. परत आलेल्या सीतेस आपलें शील अग्नीसमोर सिद्ध करावें लागतें, तो होय.

हें दारुणत्व काव्यापुरतें राहिलें नाहीं. १९४७ च्या फाळणींत पळविल्या गेलेल्या सहस्रावधि स्त्रियांसाठीं सरकारनें १९४९ सालीं कायदा केला; त्यांत त्या स्त्रीनें कोठें जावें याचा निर्णय न्यायाधिकरणाकडे होता, तिची इच्छा निर्णायक नव्हती. कित्येकींस स्वतःच्या घरीं दार बंद मिळालें. पळवून नेणारा आकाशांतून येवो वा शेजारच्या गल्लींतून, परत आलेल्याचें आपण ऐकतों कीं नाहीं, ही कसोटी समाजाची असते.

ऐकणें म्हणजे सर्व कांहीं मान्य करणें नव्हे. २ एप्रिल १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या २ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याच्या सायंकाळची गोष्ट आहे. विदर्भांतील लोकांस आकाशांतून जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें धातूचें एक मोठें कडें आकाशांतून येऊन पडलें. कोणास उल्का वाटली, कोणास विमान, कोणास आणखी कांहीं. गांवकऱ्यांनीं पाहिलें तें पाहिलें म्हणून सांगितलें. अधिकारी आले, इस्रोचे शास्त्रज्ञ आले, कडें तपासलें गेलें. आणि चीननें २०२१ सालीं सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असें तज्ज्ञांचें मत पडलें. साक्षीदारांस कोणी वेडे ठरविलें नाहीं आणि त्यांच्या साक्षीवर कोणी परग्रहही उभारला नाहीं.

भयपट पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. लहानपणीं आजीच्या तोंडून हडळीची गोष्ट ऐकून पांघरुणांत शिरण्याचा आनंद ज्यास माहीत आहे, त्यास या चित्रपटांचाही आनंद घेतां येईल. परंतु पडदा मिटल्यावर घरांतील एखादें मूल पहाटे घाबरून उठलें आणि खोलींत कोणी होतें असें म्हणालें, तर 'कांहीं नव्हतें, झोप' असें म्हणून त्यास गप्प करूं नये, आणि 'होय, आले असतील' असेंही म्हणूं नये. काय दिसलें, कोठें दिसलें, हात हलत होता कीं नाहीं, हें शांतपणें विचारावें. आणि मग निद्रेंतील त्या जखडणीची हकीकत त्यास समजेल अशा शब्दांत सांगावी. भय निम्में तेथेंच उतरतें.