कचारगड

कचारगड : गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील डोंगरगुहा. कोया पुनेम (गोंडांचा पारंपरिक धर्म) मानणारा गोंड समाज हे आपले मूळस्थान मानतो. १ मे १९९९ पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, त्यामुळे जुने उल्लेख त्या जिल्ह्याच्या साहित्यात पाहावेत.

परंपरा : कली कंकालीची ३३ मुले शंभूने गुहेत कोंडली. पारी कुपार लिंगो व रायताड जंगो त्यांच्या सुटकेसाठी झटले. वादक हिरासुका पाटारीने तोंडावरची शिळा हलवली आणि तिच्याखालीच त्याचा अंत झाला. सुटलेल्यांची सगांत (कुळगटांत) विभागणी लिंगोने केली. तपशील कथनागणिक बदलतात.

लिखित नोंदी : लिंगोची कथा सांगणाऱ्या गोंडी गीताची महत्त्वाची जुनी संहिता स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्या कागदपत्रांत आहे. नागपूरचे हे मिशनरी भूगर्भशास्त्राचेही जाणकार होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे लेखन १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. एरवी ती संहिताही गेली असती. या संहितेत गोंडांना महादेव कोंडतो, ती गुहा धवलगिरीची आहे आणि निसटलेले चौघे भाऊ काचीकोपा लोहगडात राहतात. आजची परंपरा काचीकोपा लोहगड म्हणजेच कचारगड मानते. स्थाननिश्चिती वादग्रस्त आहे. मात्र छापील संहिता हे गीताचे एक कथन आहे, तेवढ्यावरून गावोगावची कथने खोटी ठरवणे प्रस्तुत नोंदकाराला मान्य नाही. मोतीरावण कंगाली यांनी कोया पुनेमची मांडणी ग्रंथरूपाने केली. सिंधू लिपीचे त्यांनी केलेले गोंडी वाचन अभ्यासकांत सर्वमान्य नाही.

पुरातत्त्व : गुहा अश्मयुगीन असल्याचे पर्यटनविषयक लेखनात सांगितले जाते. असा काळ थरवार उत्खनन व कालमापन यांवरूनच ठरवता येतो. पूर्व विदर्भातील भक्कम पुरावा महापाषाणीय स्थळांचा आहे. टाकळघाट-खापा (१९६८–६९) व माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी उत्खनन केले. लोखंडी अवजारे व घोड्यांचे अवशेष मिळाले. नायकुंड (१९७८–८०) येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ही महापाषाणे उभारणारे लोक गोंडांचे पूर्वज होते, असे यातून सिद्ध होत नाही. तरी बस्तरचे माडिया गोंड मृतांसाठी शिळा उभारतात, याची नोंद डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये केली आहे. जिवंत चालीरीतींचा असा अभ्यास उत्खननाला पूरक ठरतो. अलास्कातील नुनामिउट शिकाऱ्यांमध्ये राहून लुईस बिनफर्ड यांनी शिकारीच्या हाडांची विल्हेवाट नोंदवली (१९७८), ती जगभरच्या प्राचीन अस्थींचा अर्थ लावण्यास उपयोगी पडली. कचारगडच्या भुमकांचे (पुजाऱ्यांचे) व परधानांचे (गाथा गाणाऱ्यांचे) कथन त्याच काटेकोरपणे ध्वनिमुद्रित व्हायला हवे, आणि तेही गोंडीतच.

यात्रा : माघ पौर्णिमेला. शेजारच्या राज्यांतूनही गोंड येतात.

मार्ग : गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरील दरेकसा स्थानक जवळचे.