विस्तवाची उसनवारी

कपाट आवरताना एक चपटं पाकीट हाती लागलं. कुठल्याशा हॉटेलातून ह्यांनी कधीकाळी आणलेलं. आत कंगव्याच्या दातांसारख्या कागदी काड्या. सुनेनं विचारलं, "आत्ती, ह्याला काय म्हणायचं?" मला सांगता येईना. अमेरिकेत 1892 साली जोशुआ प्युसी नावाच्या वकिलानं ह्याचं पेटंट घेतलं. पण आपल्या स्वयंपाकघरात ते कधी आलंच नाही, मग त्याला नाव कोण ठेवणार?

पेटीला मात्र नावंच नावं! आम्ही बेळगावकडचे काडेपेटी म्हणतो, शेजारची कानडी बाई कड्डीपेट्टिगे. बडोद्याची माझी सून बाकस म्हणते, इंदूरची नणंद माचिस. बाकस म्हणजे इंग्रजी बॉक्स आणि माचिस म्हणजे मॅचेस. वस्तू परदेशातून आली, तिची खूण नावात राहिली.

घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरनं 1827 साली विकायला काढली. पुढं काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला. त्यानं कारखान्यातल्या बायकामुलींच्या जबड्याची हाडं सडत. 1888 मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला. आपल्याकडं त्या काड्यांवर बंदीचा कायदा 1913 चा. 1923 साली विमको कंपनी निघाली, तिचा कारखाना अंबरनाथला होता. त्याच सुमारास शिवकाशीतही हा धंदा सुरू झाला. तिथंही पेट्या चिकटवणारे, काड्या भरणारे हात बहुतेक बायकांचेच. आपण चूल पेटवायची ती दुसऱ्या बाईच्या कष्टावर. डिसेंबर 2021 मध्ये पेटी एकाची दोन रुपये झाली, तेव्हा आपण किती कुरकुरलो!

पण काडेपेटीच्या आधी काय होतं? रात्री राखेखाली निखारा झाकून ठेवायचा. विझलाच तर शेजारून खापरावर विस्तव मागून आणायचा. म्हणून तर भांडण झालं की म्हणतात, "त्या दोघींत विस्तव जात नाही." पेटी आली, मागणं संपलं, म्हण तेवढी राहिली. काडीच्या वाट्याला मात्र बदनामीच आली. संसारात काडी लावणारी, काड्या घालणारी, असं आपण बोलतोच की.

मी नवी सून असताना वाटणीवरून सासूबाई आणि चुलतसासूबाई ह्यांचं बोलणं बंद होतं. मधे एक भिंत. आषाढात धो धो पाऊस, पेटी सादळलेली, गुल नुसता गळून पडे. बंब पेटेना, घरात बाळंतीण. सासूबाई माझ्या हातात खापर देत म्हणाल्या, "जा, काकूंकडं विस्तव माग."

काकूंनी चार निखारे घातले, वर राख पसरली आणि विचारलं, "पोरीला दूध येतंय नव्हं?" संध्याकाळी त्या स्वतः आल्या, डिंकाचे लाडू घेऊन.

आता घरोघरी लायटर. विस्तव मागायला कुणी येत नाही. तरी मी ते खापर अजून टाकलेलं नाही.