मृतांच्या प्रदेशात पुन्हा एकदा: ‘अनडेड नाइटमेअर’चे पुनरागमन आणि बंगळुरू

सन १९११. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका शेतघरावर वादळी रात्र उतरली आहे. घरातला वृद्ध ‘अंकल’ बाहेरून परततो तो जिवंत माणूस म्हणून नव्हे. तो घरधनिणीला चावतो, ती मुलाला चावते. घराचा मालक जॉन मार्स्टन पत्नी आणि मुलगा या दोघांनाही दोरखंडाने बांधून घरातच ठेवतो आणि उपाय शोधण्यासाठी घोड्यावर स्वार होतो.

‘रेड डेड रिडेम्प्शन: अनडेड नाइटमेअर’ या व्हिडिओ गेमचा हा प्रारंभ. रॉकस्टार गेम्स या कंपनीने २०१० च्या मे महिन्यात ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा काउबॉयपटांच्या धर्तीवरील खेळ प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला त्याला जोडून ही भयकथा आली. मुख्य कथानकाशी तिचा थेट संबंध नाही. तेच डोंगर, तीच गावे, तीच माणसे घेऊन रचलेले ते एक दुःस्वप्न आहे.

भय कशात आहे?

मूळ खेळात गोळ्यांची ददात नव्हती. येथे त्या मोजून वापराव्या लागतात आणि प्रेताच्या मस्तकावर नेम बसला तरच ते थांबते. गावांना वेढा पडलेला असतो. ते वाचवावे आणि पुढे जावे, तर काही काळाने पुन्हा त्याच गावातून हाक येते. दफनभूमीतील शवपेट्या जाळणे हे तर नित्याचे काम. ‘ब्लंडरबस’ नावाच्या बंदुकीत प्रेतांचेच अवशेष दारूगोळा म्हणून भरावे लागतात, यावरून या कथेचा तिरकस विनोद ध्यानात यावा.

पण आजही स्मरणात राहतो तो निराळाच प्रसंग. जंगलातील ‘सॅस्क्वॉच’ नावाचे केसाळ प्राणी माणसांची मुले खातात, असे एक शिकारी सांगतो आणि खेळाडू त्यांना एकेक करून मारत सुटतो. झाडाखाली रडत बसलेला शेवटचा प्राणी मात्र बोलू लागतो. आपण फळे आणि अळंबी खाऊन राहतो, आपल्या जातीचे कोणीच उरले नाही, आता मलाही मारून टाक, अशी तो विनवणी करतो. मारावे की निघून जावे, हे खेळाडूने ठरवायचे. झोंबींच्या खेळातील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या या क्षणात एकही झोंबी नाही.

झोंबी हा प्रकार मराठी प्रेक्षकाला आता परका उरलेला नाही. २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ या चित्रपटाने त्याला थेट डोंबिवलीत आणले. आपल्याकडील वेताळ प्रेतात शिरतो, पण तो बुद्धी शाबूत ठेवून कोडी घालतो. पाश्चात्त्य झोंबीला स्मृतीच नसते. मार्स्टनच्या पत्नीने त्याला न ओळखणे हेच म्हणून या कथेतील खरे भय ठरते.

तेरा वर्षांचा विजनवास

चित्रपटाची निगेटिव्ह जपलेली असेल तर तो पुन्हा स्वच्छ करून दाखवता येतो. व्हिडिओ गेमचे तसे नसते. त्याला मूळ प्रोग्रॅम हवा आणि तो चालवणारे यंत्रही हवे. ‘अनडेड नाइटमेअर’ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोनच यंत्रांसाठी लिहिला गेला होता. प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ हा प्रोसेसर इतका वेगळ्या घडणीचा होता, की त्याच्या डिस्क प्लेस्टेशन ४ वर चालत नसत. २०१६ पासून नव्या एक्सबॉक्सवर मूळ खेळ चालू लागला, पण संगणकासाठी आवृत्तीच नव्हती. ज्या देशात एक संपूर्ण पिढी सायबर कॅफेतील संगणकावर खेळ शिकली, तेथे हा खेळ बहुतेकांनी ऐकूनच जाणला.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी मुख्य खेळ आणि ही भयकथा एकत्रितपणे प्लेस्टेशन ४ व निन्टेंडो स्विचवर आली. काम इंग्लंडमधील डबल इलेव्हन या स्टुडिओने केले होते. ४९.९९ डॉलर किंमत आणि चित्रांत जेमतेम सुधारणा, यामुळे चाहते रुष्ट झाले. अनेकांनी खेळकर्त्यांसाठीचा सामायिक विभागही वगळण्यात आला होता. काटेकोरपणे पाहता याला ‘रीमास्टर’ म्हणणे धाडसाचे ठरेल. नव्या यंत्रावर केलेले ते स्थलांतर होते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी संगणकावरील आवृत्ती आली, तेव्हा चित्राची स्पष्टता खऱ्या अर्थाने वाढली. २ डिसेंबर २०२५ रोजी हा खेळ मोबाइल फोनवरही उपलब्ध झाला. नेटफ्लिक्सच्या सदस्यांना त्यासाठी वेगळे मूल्य मोजावे लागत नाही. भारतातील बहुसंख्य खेळाडू फोनवरच खेळतात, हे पाहता येथील वाचकांच्या दृष्टीने हीच आवृत्ती महत्त्वाची.

बंगळुरूचा धागा

रॉकस्टारने २०१६ मध्ये बंगळुरू येथे स्टुडिओ उघडला. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये या स्टुडिओचा सहभाग होता. त्याच शहरात राजेश राव यांनी १९९७ मध्ये ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था सुरू केली होती. भारतातील आद्य गेम कंपन्यांत तिची गणना होते. थॉमस फ्रीडमन यांच्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ या २००५ च्या ग्रंथातही तिचा उल्लेख आहे. विदेशी खेळांसाठी वाहने, इमारती, पात्रे यांची चित्रे घडवणे हे तिचे मुख्य काम.

ध्रुव पुढे स्वीडनच्या स्टारब्रीझ या कंपनीकडे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टारब्रीझने ‘ओव्हरकिल्स द वॉकिंग डेड’ हा झोंबींचाच खेळ आणला आणि तो सपशेल कोसळला. महिन्याभरात कंपनीला न्यायालयाकडे पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. पैसा उभा करण्यासाठी जे विकले गेले त्यात ध्रुवही होती. मे २०१९ मध्ये तिचा ९१.८२ टक्के हिस्सा ७९ लाख डॉलरना रॉकस्टारने घेतला आणि ती बंगळुरूच्या स्टुडिओत विलीन झाली. एका झोंबीकथेच्या अपयशामुळे बंगळुरूचे कलावंत दुसऱ्या झोंबीकथेच्या मालकाकडे गेले. तो कोसळलेला खेळ परवाना रद्द झाल्याने विक्रीतूनही काढून घेण्यात आला.

कर्नाटकाने २०१२ मध्येच ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आखले होते. देशात तसे करणारे ते पहिले राज्य. कौशल्य त्यामुळे वाढले. मात्र जुन्या अभिजात खेळाचा संपूर्ण जीर्णोद्धार भारतीय स्टुडिओवर सोपवण्याचा मोठा प्रयत्न झाला तो महाराष्ट्रात. यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती हाती घेतल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिल्याच झलकेवर टीका झाली, २०२२ मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द करण्यात आला. पुण्या-मुंबईच्या कलावंतांनी त्यावर केलेले काम आता कोणाच्याही पडद्यावर दिसणार नाही.

‘अनडेड नाइटमेअर’ मात्र फोनवर चालतो आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर मस्तकाचा नेम साधणे अवघड जाते, त्यामुळे शक्य असल्यास वेगळा कंट्रोलर जोडून घ्यावा. आणि मूळ कथा आधी पूर्ण करावी. मार्स्टनचे पुढे काय होते हे ठाऊक असेल, तरच या दुःस्वप्नाच्या शेवटी उघडणाऱ्या थडग्याचा अर्थ लागतो.