शस्त्रत्याग आणि न्यायासन

कोणत्याही देशांतील यादवी शमली म्हणजे दोन कामें एकदम उभीं राहतात. एक, ज्यांच्या हातांत बंदुका आहेत त्यांच्याकडून त्या काढून घेणें. आणि दुसरें, त्या बंदुकांच्या जोरावर ज्यांनीं अत्याचार केले त्यांचा न्याय करून पुढें कायद्याचें राज्य चालूं करणें. दुरून पाहणाऱ्यास हीं एकाच कार्याचीं दोन अंगें वाटतात. परंतु प्रत्यक्ष करूं जातां तीं एकमेकांच्या वाटेंत येतात. शिक्षेची भीति असली कीं मनुष्य बंदूक टाकीत नाहीं, आणि त्याच्या हातीं बंदूक असली कीं न्यायाधीशाचें तो ऐकत नाहीं. शिवाय गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हीं कामें बहुधा परक्यांच्या हातून, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ व त्यास पैसा पुरविणारीं राष्ट्रें यांच्या मार्फत, होत आलीं आहेत. तेथें प्रत्येक कामाचें खातें निराळें, तिजोरी निराळी आणि मुदतही निराळी. ह्या दोन खात्यांची सांगड कशी बसते व ती न बसल्यास काय होतें, हें समजून घेण्यास पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन ह्या लहानशा देशाचा अर्वाचीन इतिहास फार उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

हा देश १९६१ सालीं ब्रिटिश अंमलांतून मुक्त झाला. भूमींत हिरे आणि समुद्रकांठीं उत्तम बंदर, इतकें असूनही प्रजेच्या नशिबीं दारिद्र्यच राहिलें. कारण राजधानी फ्रीटाउन येथील सत्ताधाऱ्यांनीं देशाची मिळकत आपल्या मुठींत ठेवली व १९७८ सालीं एका पक्षावांचून दुसरा पक्षच उरूं दिला नाहीं. खेड्यांत ब्रिटिशांच्या वेळेपासून चालत आलेल्या वतनी 'चीफ' मंडळींचा अंमल असे. त्यांच्या कचेरींत क्षुल्लक कारणावरून तरुणांस जबर दंड होत. दंड भरतां आला नाहीं तर वेठीस राबावें, नाहीं तर गांव सोडून परागंदा व्हावें. २३ मार्च १९९१ रोजीं फोडे सांको नांवाच्या एका माजी कॉर्पोरलची टोळी लायबेरियाच्या सरहद्दीवरून आंत शिरली, तेव्हां अशा कित्येक परागंदा तरुणांनीं तिला साथ दिली. पुष्कळांना तर, आणि त्यांत लहान मुलेंही होतीं, टोळीनें बळजबरीनें पळवून नेलें. अकरा वर्षांच्या ह्या यादवींत सुमारें पन्नास हजार माणसें मेलीं असा अंदाज आहे. निरपराध खेडुतांचे हात तोडण्याचा अघोरी प्रकार ह्याच युद्धांत झाला. बंडखोरांचा खर्च हिऱ्यांवर चाले, आणि ते हिरे घेऊन त्यांस शस्त्रें पुरविण्यांत लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर ह्यांचा मोठा हात होता.

६ जानेवारी १९९९ रोजीं बंडखोर फ्रीटाउनमध्यें घुसले आणि शहराचा मोठा भाग त्यांनीं उद्ध्वस्त केला. थकलेल्या सरकारास तह करणें भाग पडलें. टोगो देशाची राजधानी लोमे येथें ७ जुलै १९९९ रोजीं जो करार झाला, त्याच्या नवव्या कलमानें सांको व त्याचे सर्व सैनिक यांस संपूर्ण माफी देण्यांत आली. इतकेंच नव्हे, तर सांको ह्यास उपाध्यक्षाचा दर्जा देऊन देशाच्या खनिज संपत्तीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचें अध्यक्षपदही दिलें. म्हणजे ज्या हिऱ्यांनीं युद्ध पोसलें त्यांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला बांधल्या. राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीनें सही करतांना एवढीच पुस्ती जोडली कीं, मानवतेविरुद्धचे अपराध व युद्धांतील घोर अपराध यांस ही माफी लागू आहे असें राष्ट्रसंघ मानीत नाहीं. त्या दिवशीं ही पुस्ती कोणास फारशी महत्त्वाची वाटली नसावी. पुढें तिच्यावरच सारा प्रसंग उभा राहिला.

न्याय बाजूस ठेवला तर शस्त्रें सुखासुखी खालीं येतील, ही लोमे करारामागील समजूत होती. तिचा फोलपणा दहा महिन्यांत उघड झाला. मे २००० मध्यें बंडखोरांनीं राष्ट्रसंघाचे सुमारें पांचशें सैनिक कैद केले. ह्या शांतिसेनेचे सेनापति त्या वेळीं भारताचे मेजर जनरल विजय जेटली हे होते, आणि पूर्वेकडील कैलाहुन येथें भारतीय गुरख्यांच्या तुकड्या वेढ्यांत सांपडल्या होत्या. जुलै २००० मध्यें 'ऑपरेशन खुकरी' ह्या मोहिमेनें तो वेढा फोडून त्यांची सुटका करण्यांत आली. मध्यंतरीं फ्रीटाउनमध्यें सांकोच्या घरावर लोकांचा मोर्चा गेला. त्याच्या रक्षकांनीं मोर्च्यावर गोळीबार केला आणि थोड्याच दिवसांत सांको पकडला गेला. ब्रिटनचें सैन्यही मदतीस उतरलें. ज्याला माफी, मान व खजिना, तिन्ही दिलीं होतीं त्यानेंच करार मोडला. माफी हें शांतीचें मोल म्हणून दिलें होतें. मोल गेलें आणि माल हातीं आला नाहीं.

तेव्हां अध्यक्ष अहमद तेजान कब्बा ह्यांनीं जून २००० मध्यें राष्ट्रसंघास पत्र लिहून न्यायालयाची मागणी केली, आणि १४ ऑगस्ट २००० रोजीं सुरक्षा समितीनें त्यास अनुकूल ठराव केला. ह्यापुढें दोन्ही कामें समांतर चाललीं. शांतिसेनेचें संख्याबळ १७,५०० पर्यंत वाढविण्यास मंजुरी मिळाली, अबुजा येथें युद्धबंदीचे करार झाले, आणि बंडखोर व सरकारपक्षाचीं नागरी दलें यांनीं जिल्ह्यामागून जिल्ह्यांत एकाच वेळीं शस्त्रें ठेवावीं असें ठरलें. हा 'एकाच वेळीं' शब्द महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याची बंदूक खालीं येतांना दिसली तरच मनुष्य आपली खालीं ठेवतो. जानेवारी २००२ पर्यंत ७२,००० हून अधिक लढवय्ये शस्त्रांतून मोकळे झाले, त्यांत सुमारें ७,००० मुलें होतीं. ४२,००० हून अधिक शस्त्रें जमा झालीं. १६ जानेवारी २००२ रोजीं फ्रीटाउनमध्यें विशेष न्यायालयाच्या करारावर सह्या झाल्या, आणि दोनच दिवसांनीं, १८ जानेवारीस, लुंगी येथें जमा केलेल्या बंदुकांची होळी करून अध्यक्षांनीं युद्ध संपल्याचें जाहीर केलें. लोमे येथें जीं दोन कामें एकमेकांचीं शत्रु मानलीं गेलीं होतीं, तीं ह्या आठवड्यांत शेजारीं शेजारीं येऊन उभीं राहिलीं.

ह्या यशाचें बीज कशांत होतें? आमच्या मतें, न्यायालयानें आपली मर्यादा स्पष्ट आंखली ह्यांत. 'सर्वांत अधिक जबाबदार' अशा मोजक्या व्यक्तींवरच खटला भरावयाचा, असें त्याच्या घटनेंतच लिहिलें होतें. पहिले अभियोक्ते डेव्हिड क्रेन ह्यांनीं पुढें असेंही जाहीर केलें कीं, मुलांवर खटले भरणार नाहीं, व सत्य आणि समेट आयोगापुढें दिलेली साक्ष न्यायालयांत वापरणार नाहीं. एकंदर तेराच जणांवर आरोप ठेवण्यांत आले. ज्या हजारों साध्या सैनिकांनीं बंदुका टाकल्या होत्या, त्यांना ह्यावरून कळलें कीं हा फांस आपल्यासाठीं नाहीं. अमर्याद माफीनें जें साधलें नाहीं तें मर्यादित न्यायानें साधलें.

तथापि सांगड पूर्ण बसली होती असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. १० मार्च २००३ रोजीं जे पकडले गेले त्यांत दोन नांवें विचार करण्यासारखीं आहेत. पहिलें इसा सेसे ह्याचें. सांको तुरुंगांत गेल्यावर बंडखोरांचें नेतृत्व ह्याच्याकडे आलें, आणि त्यानेंच आपल्या लोकांकडून शस्त्रें ठेवविलीं. तोच पुढें दोषी ठरून त्यास बावन्न वर्षांची शिक्षा झाली. त्याचे पूर्वीचे अपराध भयंकर होते ह्यांत शंका नाहीं. परंतु उद्यांच्या एखाद्या देशांतील बंडखोर पुढारी ह्या उदाहरणावरून काय धडा घेईल, हा प्रश्न उरतोच. दुसरें नांव सॅम हिंगा नॉर्मन ह्यांचें. ते नागरी दलांचे पुढारी, लोकनियुक्त सरकारच्या बाजूनें लढलेले, आणि अटकेच्या वेळीं अंतर्गत कारभाराचे मंत्री होते. पुष्कळ लोकांच्या दृष्टीनें ते देशाचे तारक. सत्य व समेट आयोगापुढें उघड साक्ष देण्याची त्यांनीं परवानगी मागितली, आयोगानेंही ती मागणी उचलून धरली. पण न्यायालयानें ती नाकारली. एकाच देशांत, एकाच काळीं, एकाच दुःखावर उपाय करूं पाहणाऱ्या दोन संस्था एका कैद्याच्या साक्षीवरून भांडूं लागल्या, कारण त्यांचा परस्परसंबंध काय असावा हें कोणीं आधीं लिहूनच ठेवलें नव्हतें. नॉर्मन निकालापूर्वींच २००७ सालीं वारले. त्यांची बाजू इतिहासाला अर्धीच ऐकूं आली.

दुसऱ्या बाजूस न्यायालयाचीं फळेंही लहान नाहींत. लोमे येथील माफी आंतरराष्ट्रीय अपराधांस आड येत नाहीं असा निर्णय त्यानें २००४ सालीं दिला, आणि ती जुनी पुस्ती खरी ठरली. मुलांना सैन्यांत भरती करणें हा अपराध मानून आंतरराष्ट्रीय न्यायासनाकडून पहिली शिक्षा २००७ सालीं येथेंच झाली. चार्ल्स टेलर ह्यांस एप्रिल २०१२ मध्यें दोषी ठरवून पुढील महिन्यांत पन्नास वर्षांची शिक्षा सांगण्यांत आली, व ती २०१३ सालीं अपिलांत कायम झाली. परराज्यांत आग लावणारा राष्ट्रप्रमुखही न्यायासनापुढें उभा करतां येतो, हें जगानें पाहिलें.

परंतु ह्या दोन खात्यांच्या मधोमध जी जागा मोकळी राहिली, तींत कोण पडलें तें पाहिलें म्हणजे मन विषण्ण होतें. शस्त्र जमा करणाऱ्यास निर्वाहभत्ता व धंदेशिक्षण मिळे. टोळीनें पळवून नेलेल्या, स्वयंपाक-पाणी करणाऱ्या, नायकांच्या बळजबरीच्या बायका झालेल्या मुलींजवळ जमा करावयास बंदूकच नव्हती. कित्येकींची ती नायकांनीं काढून घेऊन दुसऱ्यास दिली होती. त्यामुळें बहुतेक मुली ह्या योजनेच्या बाहेरच राहिल्या. आणि ज्यांचे हात तोडले गेले त्यांचें काय? आयोगानें २००४ सालच्या अहवालांत त्यांना भरपाई द्यावी असें सुचविलें. योजना सुरू झाली २००८ सालीं, आणि नोंदलेल्यांपैकीं बहुतेकांच्या पदरीं पडले सुमारें शंभर डॉलर. न्यायालयावर मात्र वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. मारणाऱ्याची सोय आधीं लागली, आणि ज्यास मारलें तो सहा वर्षें दारांत उभा राहिला. हें कोणाच्या दुष्टपणानें झालें नाहीं. शस्त्रें गोळा करणाऱ्या खात्याचें गिऱ्हाईक सैनिक होता, न्यायालयाचें गिऱ्हाईक आरोपी होता. पीडित मनुष्य दोहोंपैकीं कोणाचाच नव्हता.

तशीच गोष्ट खेड्यांतील कचेरीची. ज्या जुलमी दंडांनीं तरुण गांवाबाहेर पडले, त्या कचेऱ्या युद्धानंतरही बहुतांशीं जशा होत्या तशाच पुन्हां उभ्या राहिल्या. स्थानिक न्यायालयांना देशाच्या न्यायखात्याखालीं आणणारा कायदा झाला तो २०११ सालीं. फ्रीटाउनचें न्यायालय पाहण्यास जगांतून माणसें आलीं. पण कोंबडी चोरल्याच्या आरोपावरून सालभराची मिळकत दंडांत गमावणाऱ्या पोराच्या दृष्टीनें कायद्याचें राज्य म्हणजे गांवची कचेरी, दुसरें कांहीं नव्हे. ह्या बाबतींत दोन लहान प्रयत्न आम्हांस विशेष शहाणपणाचे वाटतात. एक, गांवोगांव फिरून गरिबांस कायद्याची माहिती सांगणारे व तंटे मिटविणारे साधे कायदासाहाय्यक. हें काम २००३ पासून सुरू झालें. दुसरा, 'विकासासाठीं शस्त्रें' ही राष्ट्रसंघाची योजना. हींत बंदूक आणून देणाऱ्या एका व्यक्तीस पैसे न देतां, सर्व परगणा शस्त्रमुक्त झाल्याचें पोलीस पडताळून पाहत, आणि मग साऱ्या परगण्यास शाळा, दवाखाना, बाजार असें कांहीं मिळे. येथें शस्त्रत्याग, पोलीस व गांव हीं तिन्ही एका दोरींत ओंवलीं गेलीं. मोठ्या कामांत जें जमलें नाहीं तें ह्या लहान कामांत जमलें.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेंही वाचकांनीं समजूं नये. जगांतील बहुतेक हिऱ्यांस सुरतेंत पैलू पाडले जातात व मुंबईच्या बाजारांत त्यांचे व्यवहार होतात. युद्धाचे हिरे ओळखून वगळण्यासाठीं २००३ सालापासून जी 'किंबर्ली' दाखल्यांची पद्धति सुरू झाली, तींत भारत आरंभापासून आहे. सिएरा लिओनमधील बंदूक आणि आपल्या शहरांतील दागिना ह्यांच्यामध्यें एक कागदाचा दाखला उभा आहे. तो खरा कीं खोटा, हें पाहणें हाही कायद्याच्या राज्याचाच भाग होय.

२००२ नंतर त्या देशांत पुन्हां यादवी युद्ध झालें नाहीं, आणि २००७ सालीं मतपेटीनें सरकार बदललें. म्हणून सर्व प्रयत्न व्यर्थ गेला असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यांतून जो धडा निघतो तो परक्या साहाय्यकर्त्यांनींही ध्यानांत धरण्याजोगा आहे. आधीं शस्त्र कीं आधीं न्याय, हा वाद चुकीचा आहे. शस्त्र आधीं खालीं येईल हें खरें. पण त्यामागून कोणता न्याय येणार, कोणास येणार व कोणास येणार नाहीं, हें शस्त्र ठेवणाऱ्यास आणि शस्त्राचा मार खाल्लेल्यास, दोघांसही, त्याच दिवशीं ठाऊक असलें पाहिजे. लुंगीच्या होळींत बंदुका जळाल्या. ज्या अन्यायानें त्या प्रथम हातीं धरविल्या, तो जाळण्यास मात्र कोणतीही होळी पुरी पडत नाहीं. तें काम गांवच्या कचेरींत, रोजच्या रोज, थोडें थोडें करावें लागतें.