मॉरिन्सव्हिलचे जॉन मनी आणि एका मुलाची कहाणी

न्यूझीलंडमधील मॉरिन्सव्हिल गावी १९२१ साली जन्मलेले जॉन मनी अमेरिकेत नामांकित मानसशास्त्रज्ञ झाले. मूल स्वतःला मुलगा मानते की मुलगी, हे मुख्यतः संगोपनाने ठरते, असे त्यांचे मत होते.

१९६६ साली कॅनडातील इस्पितळात एका तान्ह्या मुलाची सुंता विद्युत उपकरणाने करताना इंद्रिय जळाले. ही आपली आठव्या दिवसाची मिला नव्हे. मनींच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले. वयात येताना स्त्री-हार्मोनही दिले. शरीर बदलले, मन बदलले नाही. चौदाव्या वर्षी सत्य कळताच तो डेव्हिड नावाने मुलगा म्हणून जगू लागला. २००४ साली त्याने जीवन संपवले.

गर्भातील हार्मोनचाही मनावर परिणाम होत असावा, असे आता अनेक संशोधक मानतात. आम्ही वडीलधाऱ्यांनी यातून एवढेच घ्यावे : नातवंड मनातले सांगू लागले, तर आधी ऐकून घ्यावे.