तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

20 ऑगस्ट 2024 ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि तासन्‌तास गाड्या अडकल्या. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला होता, आणि गुन्हा नोंदवायला उशीर झाला म्हणून लोक चिडले होते. दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा जीआर निघाला: सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी बसवा, सखी सावित्री समिती नेमा. घटना खाजगी शाळेतली होती, पण असे जीआर जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंतही जातात.

बालसुरक्षा धोरणावर काम करायचं ठरवलं असेल, तर हा जीआर "नवं धोरण" म्हणून टिपून घेण्याची घाई करू नका. जीआरच्या सुरुवातीला "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या आदेशांची यादी असते. आपण ती सहसा ओलांडून पुढे जातो. तिथूनच मागे जायला शिका. तक्रारपेटीचा आदेश 2017 चा आहे. सखी सावित्री समितीचा 10 मार्च 2022 चा, म्हणजे सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाचा. जे परत मागावं लागतं ते आधी नीट झालेलं नसावं, असा अंदाज इतिहासाचा विद्यार्थी बांधू शकतो. पण तो अंदाजच. पुरावा शाळेत शोधावा लागतो.

आता थोडं आणखी मागे जाऊ. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. पण नियम मोडला तर काय? तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे प्रकरण खात्यातच राहिलं. दोनच वर्षांनी, 14 नोव्हेंबर 2012 ला, पॉक्सो आला आणि लैंगिक अत्याचाराचं प्रकरण त्याने खात्याबाहेर काढलं. कलम 19 प्रमाणे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकांना विचारून नाही, थेट. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती जास्त.

माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. शाळेला एक वाट वर्षानुवर्षं पाठ आहे: शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. कायदा म्हणतो, ही उतरंड सोडा. 2024 च्या जीआरने तर 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा असंही सांगितलं. कागदावर दोन्ही वाटा एकत्र नांदतात. पण रात्री झोप उडालेल्या शिक्षिकेने पहिला फोन कुणाला करायचा? बदलापूरच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने पोलिसांना का कळवलं नाही हा प्रश्नही पुढे आला.

आणि माणसं किती आहेत ते बघा. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक. त्यांतलेच एक मुख्याध्यापक, तेच शाळा व्यवस्थापन समितीचे सचिव, पोषण आहाराचा हिशेबही त्यांच्याच माथी. अशा शाळेत पेटीची किल्ली कुणाकडे असेल? आणि तक्रार दुसऱ्या गुरुजींबद्दलच असली तर? यात मला आळस दिसत नाही, मांडणीतलीच अडचण दिसते.

म्हणून शाळेत गेलात की "समिती आहे का?" असं विचारू नका. "आहे" हेच उत्तर येणार. आवक-जावक नोंदवही मागा: जीआर कोणत्या तारखेला पोचला? समितीची इतिवृत्त वही मागा: बैठका वर्षभर विखुरलेल्या आहेत, की तपासणीच्या आठवड्यात एकाच पेनाने लिहिलेल्या? पेटी जमिनीपासून किती उंचीवर आहे, पहिलीतल्या मुलीचा हात पोचतो का, आणि ती ऑफिसच्या दारासमोर आहे का, तेही टिपा. ज्या मुलीला अजून लिहिता येत नाही तिने पेटीत काय टाकायचं, हा प्रश्न पालकांना विचारून बघा.

मुलांच्या मुलाखतींचं मात्र आधी ठरवा. कलम 19 मधल्या "कोणतीही व्यक्ती" मध्ये तुम्हीही येता. एखाद्या मुलाने तुम्हाला काही सांगितलं, तर "माहिती गोपनीय राहील" हे संमतीपत्रातलं वाक्य तिथे चालत नाही. ते वाक्य गावात पाऊल टाकण्याआधी बदला, गाइडना दाखवा, आणि त्या भागाच्या पोलीस ठाण्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.